दोराची खाच

मी एक लाकडी वाडगा बोलतोय. काठवट नाही, परात नाही आणि कुंडी तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सास्तूरमध्ये आल्यागेल्या प्रत्येकानं मला हातात घेऊन एकच प्रश्न विचारलाय, "ह्यात ठिवायचं काय?" काही ठेवायचं नाही, बाबांनो! बघायचं, हात फिरवायचा आणि जागच्या जागी ठेवून द्यायचं. एवढं साधं काम माणसाला का जमत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

जन्मलो तेव्हा मी वाडगा नव्हतो, गाठ होतो. जिच्या घरी मी आता असतो, त्या महानंदाच्या वडिलांच्या जुन्या गावठाणातल्या दारात एक चिंच होती. तिच्या आडव्या फांदीला दर नागपंचमीला झोका बांधायचे. महानंदाचे वडील विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर, नाडा, सोडून आणायचे आणि दरवर्षी त्याच जागी टाकायचे, कारण जागा बदलली की पोरगी रुसायची. लग्न होऊन ती ढोकीला गेली, तरी पंचमीला माहेरी आली की आधी झोक्याला हात लावायची आणि मग बापाच्या पाया पडायची. पुढं तिच्या लेकीही त्याच फांदीखाली झुलल्या.

आता मोटेचा नाडा म्हणजे काही रेशमाचा गोफ नव्हे. त्यानं फांदीची साल सोलली, आतलं लाकूड चेपलं. जखम झाली म्हणून झाड कुणाकडं गाऱ्हाणं घेऊन जात नाही, तिथं लाकूड गोळा करत राहतं. चाळीसेक वर्षं चिंच असं लाकूड गोळा करत राहिली आणि त्या जागी हंड्याएवढी गाठ आली. ती मी. दोराची खाच मात्र माझ्या अंगावर तशीच राहिली, अंगठा बरोबर बसेल एवढी.

भूकंपात घरं गेली, गाव नव्या जागेवर बसलं. चिंच जुन्याच जागी उभी होती. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला मशीन आलं आणि अर्ध्या दिवसात तिचं सरपण झालं. लोक फांद्या ओढून नेत होते, तेवढ्यात महानंदा काठी टेकत आली. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, सास्तूरलाच भाचीकडं राहते. काचबिंदूनं तिचे डोळे गेल्यात जमा आहेत. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळतो, माणूस ती आवाजावरून ओळखते. ओंडक्यांवरून हात फिरवत फिरवत ती माझ्यापर्यंत आली, खाचेत अंगठा घातला आणि तिथंच धुळीत बसली.

"ही गाठ जाळायची न्हाय," ती म्हणाली. "रेवणाला बोलवा."

रेवणा म्हणजे रेवणप्पा, आमच्या गावचा खरादी. बाजेचे खूर, पाळण्याचे दांडे, लाटणी, भोवरे, जे जे लाकूड फिरवून गोल करायचं ते त्याच्याकडं. साठी उलटलेला, हाताचा पक्का, मनानं भला आणि स्वतःच्या कामाचा भारी अभिमानी. महानंदा त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला आक्का म्हणतो.

महानंदानं त्याचा हात धरून खाचेवर ठेवला. "मांडीवर घेता यील असं कायतरी कर हिचं," ती म्हणाली. "मला दिसत न्हाय, म्हणून नक्षी नको, चकाकी नको. ही दोराची खाच तेवढी ऱ्हाऊ दे. अंगठा घातला की मला माझं दार घावतं. एवढं केलंस तरी पुरे."

"व्हय आक्का, तुमी काळजीच सोडा," रेवणप्पा म्हणाला.

इथंच सगळं बिघडलं. आमच्या मुलखात 'पुरे' या शब्दाला कवडीची किंमत नाही. पंगतीत पुरे म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते. दोनदा पुरे म्हटलं तर दोन पडतात, आणि ताटावर आडवा हात धरला तर वाढणारी हातावरून तूप सोडते. पुरे म्हणणारा माणूस भिडस्त आहे, त्याच्या मनात आणखी हवंय, असं समजायची इथली रीत. रेवणप्पानंही तेच समजलं. आक्का मला त्रास नको म्हणून असं बोलतायत, तेव्हा आपण त्यांच्या तोंडात बोट जाईल असं काम करून दाखवायचं, हे त्यानं घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं. मी त्याच्या हातगाडीवर होतो. सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं.

घरी नेऊन त्यानं मला कुठं ठेवलं असेल? उकिरड्याशेजारी! लग्नसराई होती, पाळण्यांची कामं होती, मग पेरण्या आल्या. उद्या बघू, परवा बघू करत दोन पावसाळे गेले. मी ओल्या मातीत पडून होतो आणि माझ्या अंगात बुरशी शिरली. मला तर वाटलं, संपलं. पण बुरशी माझ्या आत काळ्या रेघा ओढत सुटली. एक वस्ती या रेघेच्या अलीकडं, दुसरी पलीकडं. माणसांची बांधावरून होतात तशी त्यांची भांडणं झाली, पण त्यातून जे उमटलं ते मात्र सुरेख होतं. कुठं नदीसारखी वळणं, कुठं धुरकट डाग, मध्येच पिवळसर लाकूड. हे सगळं आत झालं. बाहेरून मी कुजकाच दिसत होतो.

रेवणप्पाची बायको रुद्रम्मा मला रोज बघायची आणि रोज एकच म्हणायची, "हे लाकूड बंबात घाला. आंघोळीला पाणी तरी तापंल."

"आक्काची गाठ हाय ती," रेवणप्पा म्हणायचा.

"मग आक्काच्या बंबात घाला!"

शेवटी महानंदानंच दोनदा निरोप पाठवला, तेव्हा कुठं रेवणप्पानं मला करवतीखाली घेतलं. पहिला काप पडला आणि तो बघतच राहिला. त्याची मुलगी शिवप्रिया कळंबच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, शनिवारी एसटीनं घरी येते. तिनं माझं आतलं अंग बघितलं आणि पायातली चप्पल न काढताच ओसरीत बसकण मारली. "अप्पा, हे रंगवलंय का कुणी?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याविषयी शहाण्यासारखं बोललं.

रुद्रम्मानं मात्र पदर खोचला आणि नारळाच्या शेंडीला राख लावून मला घासायला बसली. "बुरशी हाय ती, निगंल," म्हणाली. अगं बाई, बुरशी आहे हे मलाही ठाऊक आहे! तीच तर सगळी कमाई आहे! शिवप्रियानं हातातून ओढून घेतलं म्हणून वाचलो.

रेवणप्पाचं खरादाचं मशीन म्हणजे एक वेगळीच कथा. त्याची मोटर जुन्या कडबा-कुट्टीची. चालू झाली की गोठ्यातल्या म्हशी वैरण आली समजून हंबरायला लागतात. त्यात लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. मी अर्धा गोल, अर्धा खडबडीत अशा अवस्थेत मशीनवर अडकून तासन् तास बसलोय. येणारा-जाणारा बघायचा आणि विचारायचा, "काय करालाव, रेवणप्पा? उखळ का?"

तरी त्याच्या हाताला नावं ठेवणार नाही. आधी त्यानं मला नुसतं ढोबळ कातलं, भिंती बोटभर जाड ठेवल्या आणि माझ्याच भुशात पुरून गोणपाटात बांधून बाजेखाली सरकवलं. एकदम बारीक केलं असतं तर वाळताना तडकलो असतो, हे त्याला बापानं शिकवलेलं. सहा महिने मी त्या गोणीत होतो. सहा महिने रुद्रम्मा झाडू मारताना मला ढोसत होती.

दिवाळीनंतर त्यानं मला पुन्हा मशीनवर चढवलं. बुरशीनं खाल्लेलं लाकूड जागोजागी मऊ असतं, गाठीचं लाकूड उलटंसुलटं धावतं. पटाशी जरा बोथट असली तर तुकडा उडालाच म्हणून समजा. रेवणप्पा दर दहा मिनिटांनी धार लावत होता. मऊ जागी लाख पातळ करून पाजत होता, वाळली की पुन्हा कातत होता. माझ्या अंगातून लांबच लांब साली निघत होत्या आणि आतल्या रेघा गोल फिरत फिरत काठापर्यंत येत होत्या. खरं सांगतो, त्या दिवसांत मला तो माणूस फार आवडला होता.

मग पटाशी खाचेपाशी आली. दोराची खाच माझ्या काठाला बाहेरून आली होती, आत खोलवर सालीचा काळा पट्टा घेऊन. रेवणप्पानं मशीन थांबवलं, खाचेत नख घातलं आणि तोंड वाकडं केलं. मला त्याच्या मनातलं कळलं. मी पुढच्याच फेरीला पटाशी झिडकारली, त्याच्या अंगठ्याला खरचटलं. समजावं की नाही माणसानं? तो म्हणाला, "लाकूड लई खट्याळ हाय," आणि अंगठ्याला हळद लावून परत कामाला बसला.

कातून झाल्यावर त्यानं माझा भुसा गोळा केला, लाखेत कालवला आणि तो लगदा खाचेत दाबून भरला. शनिवार होता, शिवप्रिया घरीच होती.

"अप्पा, नंदामावशीनं खाच ठेवायला सांगितली होती ना?"

"आगं, ती म्हणायची म्हणून म्हणली. गिऱ्हाइकाच्या हातात खोट ठिऊन द्यायची व्हय? लोक म्हणतील, रेवणप्पाला भोक बुजवाय आलं न्हाय."

"पण तिला तेच हवंय."

"तू अजून ल्हान हाईस. बघ तू, हात फिरवून कशी खूश हुती ते."

बत्तीस वर्षांची शिक्षिका, आणि म्हणे लहान! ती गप्प बसली. शहाणी माणसं नको तिथं गप्प बसतात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पुढं आठवडाभर पॉलिश पेपर. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्यानं थरावर थर. शेवटी जवसाचं तेल आणि मेण. मी असा चकाकलो की रुद्रम्मा माझ्यात बघून कुंकू नीट करायला लागली. भरलेली खाच खुद्द रेवणप्पालाही हुडकून सापडेना. त्यानं दोनदा चष्मा पुसला आणि समाधानानं मान हलवली. मी मात्र आतून धुमसत होतो. माझ्या सगळ्या अंगात तिला हवी होती तेवढी एकच जागा नाहीशी झाली होती.

संक्रांतीला मला महानंदाकडं न्यायचं ठरलं. रिकामं भांडं कुणाच्या घरी द्यायचं नसतं, म्हणून रुद्रम्मानं माझ्यात तिळगूळ भरला. हरकत नाही, सणाचा दिवस होता. तिघंही नवे कपडे घालून भाचीच्या घरी गेले. महानंदा बाजेवर बसली होती. रेवणप्पानं मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पोरासारखा समोर उकिडवा बसला.

तिनं तिळगूळ ओंजळीनं बाजूला काढला. मग माझ्या काठावर अंगठा ठेवला आणि गोल फिरवला. एक फेरी झाली. दुसरी झाली, जरा हळू. तिसऱ्या फेरीला ती जागोजागी थांबत होती, दाबून बघत होती. त्या भरलेल्या जागेवरून तिचा अंगठा तीनदा गेला आणि तीनदा घसरला. मी ओरडत होतो, इथं, इथं आहे! कोण ऐकतं?

"कसा झालाय, आक्का?" रेवणप्पानं विचारलं.

तिनं अंगठा उचलला. "ग्वाड झालाय," ती म्हणाली. "लई कष्ट घेतलेस बाबा."

"खोट हुडकून दावा!"

"कुठं हाय खोट? काच हाय नुसती."

तो खूश होऊन घरी गेला. ती मला मांडीवर घेऊन बसून राहिली आणि जरा वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले. आता मला सांगा, यात अवघड काय होतं? तिनं म्हणायचं होतं, माझी खाच कुठाय? त्यानं म्हणायचं होतं, चुकलो. पण तिनं त्याच्या कष्टाला नाव ठेवलं नाही आणि त्यानं तिच्या तोंडाकडं धड बघितलं नाही. भिडेपोटी माणसं एकमेकांचं इतकं नुकसान करतात की वैरीसुद्धा करणार नाही.

त्यानंतर मला काम लागलं. महानंदाला पानाचा नाद. पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि पितळी अडकित्ता, सगळं माझ्यात येऊन पडलं. कळंबच्या शाळेत मला मांडायची शिवप्रियाची इच्छा होती, आणि मी इथं चुना खात बसलो! महानंदा कधी मला मांडीवर घेईना. बाजेच्या कडेला ठेवायची, चाचपडून सुपारी काढायची, कातरायची आणि अडकित्ता टाण्णकन माझ्यात टाकायची. दिवसातून दहा वेळा. पाच-सहा महिन्यांत माझी चकाकी गेली, काठावर चुन्याचे पांढरे डाग पडले. रेवणप्पा अधूनमधून यायचा, मला बघून हळहळायचा.

"आक्का, आवडला न्हाय का हो वाडगा?"

"आवडला की. रोज वापरते बघ."

परत तेच! मला तर वाटायचं, गडगडत जाऊन स्वतःच चुलीत उडी घ्यावी.

मग यंदाची नागपंचमी आली. गावात झोके बांधले होते, पोरींच्या हसण्याचा आवाज बाजेपर्यंत येत होता. रेवणप्पा आणि रुद्रम्मा लाह्यांची परडी घेऊन आले. बोलता बोलता महानंदानं, पंचमीला काही चिरू-कापू नये हे विसरून, सुपारी कातरली आणि अडकित्ता नेहमीसारखा फेकला. तो माझ्या काठावर आपटला, नेमका भरलेल्या जागी. रोजच्या आदळआपटीनं ती लाख आधीच सैल झाली होती. टचकन आवाज झाला आणि एक तुकडा उडून जमिनीवर पडला.

"अगं बाई, फुटला!" रुद्रम्मा किंचाळली.

महानंदा घाबरली. "काय झालं? म्या फोडला का?" म्हणत तिनं मला चाचपून मांडीवर ओढलं. तिचा अंगठा काठावरून सरकत आला आणि आत गेला. तिथंच थांबला.

रेवणप्पा खाली वाकून तुकडा शोधत होता. "काय न्हाय झालं, आक्का! दोन मिन्टात भरून देतो. लाख हाय घरी. आसा बुजवतो की कळायचं बी न्हाय." त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

मी सुटलो नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या अंगठ्यात एवढी ताकद असते, हे मला त्या दिवशी कळलं. तो ओढतोय, ती सोडत नाही, मधे मी. सुपाऱ्या घरभर घरंगळल्या.

"हात काढ, रेवणा," ती म्हणाली.

"आवो पन आक्का..."

"हात काढ म्हणते न्हवं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेरच्या पोरींचं हसणं थांबलं. "तुला म्या काय सांगितलं हुतं? खाच ऱ्हाऊ दे म्हणलं हुतं का न्हाय? पुरे म्हणलं हुतं का न्हाय? सात महिनं झालं, ह्या काठावर माझं दार हुडकून हुडकून थकले म्या. डोळं तर गेलेच, आता बोटं बी गेली असं वाटाय लागलं हुतं मला!"

अखेर बोलली! रेवणप्पानं हात काढले. त्याचा चेहरा इतका पडला की माझ्यासारख्या रागावलेल्या लाकडालाही बघवेना. तो बाजेच्या पायाशी बसला आणि हातातला लाखेचा तुकडा चोळायला लागला.

"चुकलं, आक्का," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमी भिडंपायी म्हणताव."

मग खिशातला खिळा काढून त्यानं विचारलं, "आजून थोडी लाख हाय आत. काढू का? तुमी म्हणाल तेवढीच काढतो."

तिनं मला त्याच्यापुढं धरलं, पण दुसऱ्या काठावरचा हात सोडला नाही. त्यानं खिळ्याच्या टोकानं उरलेली लाख खरवडली, फुंकर मारली. खाली सालीचा काळा पट्टा निघाला. त्यानं स्वतःचं बोट त्यात घालून बघितलं आणि तसंच ठेवलं.

"हितंच दोर हुता व्हय?"

"हितंच. तू चार वर्साचा आसशील. तुला मांडीवर घिऊन झोका चढवायची म्या. तू बोंबलायचास, पुरे आक्का, पुरे! आन् म्या आजून उंच न्यायची."

"व्हय की," रेवणप्पा म्हणाला. "एकदा तर चड्डी वली झाली हुती माझी."

दोघंही हसायला लागले. रुद्रम्मा तोंडाला पदर लावून हसली. मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण वाडग्याला कपाळ नसतं. म्हणजे हे दुखणं साठ वर्षांचं जुनं, आणि भोगलं मी!

वर्षाच्या आतच माझं वय झालं. चकाकी राहिली नाही, चुन्याचे डाग निघत नाहीत, काठाला खाच आहे. शिवप्रिया मागच्या शनिवारी आली होती, तिनं माझ्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं आणि शाळेत न्यायचं नावही काढलं नाही. पानसुपारीला भाचीनं स्टीलचा डबा आणलाय. माझ्यात आता काही नसतं. ह्यात ठेवायचं काय, असं कुणी विचारलंच तर महानंदा म्हणते, "अंगठा."

एकच मागणं आहे. कुणी पुरे म्हटलं तर त्याचं ऐका आणि थांबा. मला पुसायला, घासायला, पॉलिश करायला कुणी येऊ नका. रोज दुपारी महानंदा बाजेच्या कडेला बसते, मला मांडीवर घेते आणि खाचेत अंगठा घालते. बाज उंच आहे, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. थोड्या वेळानं ते आपोआप हलायला लागतात, पुढं-मागं, पुढं-मागं. ते हलतायत तोवर मला तिच्या मांडीवरून उचलू नका.